वास नसलेली मुळी

उपळसरीच्या मुळीवर माझा राग नाही, हे आधी सांगून टाकते. आमच्याकडं तिला अनंतमूळही म्हणतात. रक्त साफ करते, उष्णता काढते म्हणून लोक तिचा काढा पितात. मीही प्यायले आणि काही दिवस मला बरं वाटलं. पुढं त्याच नावाखाली दुसरंच काहीतरी माझ्या पोटात गेलं आणि मी मरता मरता वाचले. राग आहे तो नाव चांगलं सांगून हाताला येईल ते पाजणाऱ्यांचा, आणि थोडा माझाही. खरं तर राग म्हणण्यापेक्षा किळस म्हणायला पाहिजे. इतकी वर्षं झाली, तरी कुणाच्या चुलीवर काढ्याचं पातेलं दिसलं की मी तिथून उठते.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. रझाकारांची गडबड अजून सुरू व्हायची होती. आमचं गाव उमरग्यापासून बैलगाडीनं अडीच-तीन तासांवर, कानडी मुलुखाच्या बाजूला. घरात निम्मं मराठी, निम्मं कानडी चालायचं. सासऱ्यांचं, म्हणजे मामंजींचं, किराणा मालाचं दुकान होतं आणि आमचे मालक ते बघायचे. मी बावीस-तेवीस वर्षांची होते. पदरात तीन वर्षांची गौरा.

हात

गौरा झाल्यावर दुसऱ्या वर्षी माझ्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटायला लागली. आधी बारीक पुळ्या, मग लस, मग खपली, आणि खपली उलून भेगा. इसब होता तो, पण तेव्हा मला ते नाव कुणी सांगितलं नाही. आडावर एका बाईनं माझ्या हातांकडं बघितलं, तोंडाला पदर लावला आणि महारोग म्हणाली. तो शब्द गावभर व्हायला एक दिवस पुरला.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी मला चुलीपासून उठवलं. पीठ मळायचं नाही, भांडी घासायची नाहीत, धुणं धुवायचं नाही, गौराला भरवायचं नाही. माझी ताटली वेगळी ठेवली. मालक दुकानातून आले की माझ्यापासून दोन हात लांब बसत. दुकानात गिऱ्हाईक मालकांना विचारी, गूळ कुणी फोडला, घरच्यांनी का तुमी. मला माहेरी पाठवून द्यायचं आणि मालकांचं दुसरं लग्न करायचं, असं बोलणं निघालेलं मी भिंतीआडून ऐकलं होतं.

मला स्वतःचीही शिसारी आली होती. हातांना मी फडकी गुंडाळायची. सकाळी ती सोडताना लस वाळून चिकटलेली असे आणि तिला एक गोडूस, नासका वास येई. नाक बाजूला करून मी ती सोडायची. आपल्याच अंगाला आपण नाक मुरडावं, ह्याची लाज वेगळीच असते.

आमच्या गावात काशव्वा म्हणून एक म्हातारी होती. बांधाबांधानं फिरून मुळ्या काढायची. माझ्याजवळ येऊन तिनं फडकी सोडायला लावली, हात आपल्या हातात घेतले, उलटे-पालटे करून बघितले. कित्येक महिन्यांत माझ्या हाताला कुणी हात लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी ती उपळसरीचा वेल मुळासकट उपटून घेऊन आली. अरुंद, गडद पान, मधोमध पांढरी रेघ. पान तोडलं की दुधासारखा चीक. आणि मुळीचा वास असा, की चंदन आणि गूळ एका डब्यात ठेवावेत. काशव्वा म्हणाली, "पान बघ, चीक बघ, वास घे. तिन्ही असलं तर पी. एक बी नसलं तर फेकून दे."

चार बोटं मुळी ठेचून तांब्याभर पाण्यात उकळायची, पाणी निम्मं राहिलं की गाळून सकाळी एकदाच घ्यायची. गरवार बाईनं घ्यायची नाही, हेही तिनं बजावलं. वीस-बावीस दिवसांत लस थांबली. भेगा मिटत आल्या. आत्याबाईंनी एक दिवस माझ्या हातून शेंगा फोडून घेतल्या, तेव्हा मी कोपऱ्यात जाऊन रडले.

वैद्यआप्पा

मग काशव्वा लेकीकडं भालकीला गेली ती तिकडंच राहिली. हात सगळे बरे झाले नव्हते. दोन बोटांच्या बेचक्यांत लाली होती, आणि ती पुन्हा पसरेल ह्या भीतीनं मी दिवसातून दहादा बघायची.

मामंजींच्या एका चुलतभावाला सगळं गाव वैद्यआप्पा म्हणायचं. कपाळाला विभूतीचे ठसठशीत पट्टे, अंगात पांढरी बंडी, बोलणं मोठं गोड. जन्मात त्यांनी कधी स्वतः मुळी खणली नव्हती. बाजारातून वाळवलेले, कापलेले तुकडे आणायचे, पुड्या बांधायचे आणि घराघरांत द्यायचे. ते आले, माझे हात लांबूनच बघितले आणि म्हणाले की काशव्वा अडाणी, तिनं अर्धंच औषध दिलं. दुप्पट घेतलं तर रोग मुळापासून जाईल.

मुळापासून. हा एक शब्द ऐकून मी हुरळले. मलाही तेच पाहिजे होतं.

पहिल्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी पुडी सोडली. तुकडे बोटाच्या पेराएवढे, सगळे मातकट रंगाचे. पान नाही, चीक नाही, वास नाही. मी एक तुकडा मोडून नाकाला लावला. धुळीचा वास आला. मी आत्याबाईंना तसं सांगितलं. त्यांनी ओसरीवर बसलेल्या वैद्यआप्पांना विचारलं. ते हसले.

"वाळलं की वास उडतो. झाडाची मुळी हाय ही. झाडपाल्यानं कुणाचं वाईट झालंय का कधी?"

काढा काळपट झाला होता. वैद्यआप्पांनी पेला हातात घेतला, तंबाखूनं पिवळं झालेलं आपलं बोट त्यात बुडवून ढवळलं आणि बोट धोतराला पुसलं. चाखलं मात्र नाही. मी ते नीट बघितलं. तिन्हीतलं एकही लक्षण नाही, हेही मला ठाऊक होतं. तरी मी प्यायले. हात पूर्ण बरे झाले नाहीत तर मला ह्या घरात जागा नाही, एवढंच डोक्यात होतं. कुणी जबरदस्ती केली नाही, हे मी कधी लपवलं नाही.

तो दिवस

अर्ध्या-पाऊण तासात तोंड कोरडं पडलं. कोरडं म्हणजे जीभ टाळूला चिकटली, थुंकी म्हणून राहिली नाही. भाकरीचा तुकडा तोंडात घेतला तर वाळू चावल्यासारखा फिरत राहिला. ज्वारी निवडायला बसले तर सुपातले दाणे एकमेकांत मिसळून एकच पांढरा गोळा दिसायला लागला. दारातलं ऊन डोळ्यांत सुईसारखं शिरत होतं. छातीत कुणी मुसळानं कांडतंय असं वाटलं. अंग तापलं, पण घामाचा थेंब नाही.

त्यानंतरचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. भिंतीतून लाल मुंग्यांची रांग निघाली आणि माझ्या मांडीवर चढली. मी त्या वेचायला लागले. माझे वडील, जे आठ वर्षांपूर्वी वारले होते, ते रांजणाजवळ बसून विचारत होते की पाहुणे कधी येणार. मी त्यांना उत्तरं देत होते.

बाकीचं मला नंतर कळलं. मी लुगडं सोडून फेकलं होतं. हवेतून दोरे ओढल्यासारखी बोटं चालवत होते आणि हसत होते. दारात बायामाणसं जमली. कुणी म्हणालं अंगात आलंय, लिंबू आणा. कुणी नुसतंच बघत उभं राहिलं. ज्या बाईनं माझ्या हातांना महारोग म्हटलं होतं, ती सगळ्यांत पुढं होती. माझ्या अंगावर वस्त्र नाही हे दिसत असून त्या गर्दीतला एक माणूस मागं वळला नाही. आजही गावात गेले की ती तोंडं मला ओळखू येतात, आणि मी त्यांच्याशी चार शब्दांच्या वर बोलत नाही.

वैद्यआप्पांना बोलावलं. ते म्हणाले की औषध लागू पडतंय, आतलं विष बाहेर निघतंय, अजून एक पेला द्या. आत्याबाईंनी उरलेला काढा पेल्यात ओतला आणि माझं डोकं मांडीवर घेतलं. पेला ओठांपर्यंत आणला. मग त्यांनी माझे डोळे बघितले. त्या पुढं मला सांगायच्या की त्या डोळ्यांत नुसतं काळं होतं, माणूस कुठंच नव्हतं. त्यांनी पेला खाली ठेवला आणि मालकांना गाडी जुंपायला सांगितली. वैद्यआप्पा नको म्हणत होते. मामंजीही नको म्हणत होते, गावात बोभाटा होईल म्हणून. आत्याबाईंनी कुणाचं ऐकलं नाही. माझ्या अंगावर त्यांनी घोंगडं टाकलं आणि माझ्यासोबत गाडीत बसल्या.

दवाखाना

उमरग्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी पहिल्यांदा विचारलं ते हे, की हिनं काय खाल्लं. मालक म्हणाले, काही नाही, ताप डोक्यात गेलाय. उरलेले मुळीचे तुकडे आत्याबाईंच्या ओच्यात बांधलेले होते. डॉक्टर काय आहे ते ओळखतील म्हणून त्यांनी ते उचलून आणले होते. पण दवाखान्याच्या दारात पट्टेवाला शिपाई दिसला आणि त्यांनी ओच्याची गाठ घट्ट केली. त्याही गप्प बसल्या.

डॉक्टरसाहेबांनी माझ्या डोळ्यांवर दिवा धरला, नाडी बघितली, कोरडी जीभ बघितली आणि धतुऱ्याचा संशय घेतला. वाटसरूंना धतुरा घालून लुटायचे प्रकार त्यांनी पुष्कळ बघितले होते. घरची माणसं खोटं बोलत होती, म्हणून खात्री करायला त्यांनी एक गोष्ट केली. माझी लघवी तुंबली होती. नर्सबाईनं नळी घालून ती काढली, आणि डॉक्टरांनी तिचा एक थेंब दवाखान्यातल्या मांजराच्या डोळ्यात टाकला. थोड्या वेळानं त्या डोळ्यातली उभी रेघ फुगून काळी गोटी झाली. दुसरा डोळा होता तसाच राहिला. नर्सबाईनं मला हे सांगितलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या घरच्या दोन माणसांना तोंड होतं, आणि खरं सांगितलं ते एका मांजरानं. दोन-तीन दिवसांत मांजर बरं झालं म्हणे.

पोट धुतलं. रबराची जाड नळी घशातून खाली, वरून नरसाळ्यानं लाल औषध घातलेलं पाणी ओतायचं, मग नळी वाकवून तसराळ्यात सोडायचं. जांभळं पाणी, त्यात काळे तुकडे आणि सकाळच्या भाकरीचा लगदा. शुद्ध येत होती, जात होती. पण तसराळं कुणी धरलंय ते मला एकदा नीट दिसलं. आत्याबाईंनी. माझी ओकारी त्यांच्या लुगड्यावर सांडली होती आणि त्या हललेल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माणसात आले. जवळचं काही दिसत नव्हतं. नर्सबाई कापूस भिजवून ओठांवर पाणी टिपायची. सोलापूरकडची होती, बोलायची कमी. माझ्या अंगावर लुगडं नीट आहे की नाही हे ती दर वेळी बघायची आणि पुरुष माणूस आला की पडदा ओढायची. त्या दोन दिवसांत माझं माणूसपण तिनं सांभाळलं.

जबानी

विषाचं प्रकरण म्हणजे पोलिसांना कळवावंच लागतं, असं डॉक्टरसाहेबांनी मालकांना सांगितलं. जमादार यायच्या आधी मालक आणि आत्याबाई माझ्या खाटेजवळ बसले.

मालकांनी खाली बघत सांगितलं, "शेतात चुकून काहीतरी खाल्लं म्हण." मग म्हणाले की वैद्यआप्पांचा निरोप आलाय. सूनबाई रोगाला कंटाळली होती, तिनं आपणहून घेतलं, असं सांगितलं तर सगळ्यांची सुटका होते.

मी मालकांकडं बघितलं. त्यांचा चेहरा मला धूसर दिसत होता आणि मला त्याचं बरंच वाटलं. बायको जीव द्यायला निघाली होती असं सांगायला हा माणूस तयार आहे, आणि ते तो मलाच विचारतोय.

आत्याबाई रडत होत्या. "काढा म्या केला. पेला म्या दिला. मला नेतील गं." मग एकदम कानडीत म्हणाल्या, सुम्मनिरु, गप्प राहा.

जमादार आला, सोबत लिहायला मुन्शी. डॉक्टरसाहेब खाटेच्या डोक्याशी उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, डरो नक्को. जो हुआ सो बोलो."

मी सगळं सांगितलं. पुडी वैद्यआप्पांनी दिली. मुळीला वास नव्हता, ते मी बोलले होते. ते म्हणाले, वाळलं की वास उडतो. काढा आत्याबाईंनी केला, पण त्यात काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. दुसरा पेला त्यांनीच थांबवला आणि मला इथं त्यांनीच आणलं. पहिला मी माझ्या हातानं प्यायले, बरं व्हायला प्यायले, मरायला नाही. मुन्शी उर्दूत लिहून घेत होता, आणि मी प्रत्येक वाक्य त्याला परत वाचून दाखवायला लावलं.

मालक उठून बाहेर गेले. आत्याबाईंनी डोळे पुसले, ओच्याची गाठ सोडली आणि मुळीचे तुकडे माझ्या पायाशी खाटेवर ठेवले.

डॉक्टरसाहेबांनी चिमट्यानं एकेक तुकडा उचलून दोन ढीग केले. एका ढिगात लालसर, बारीक सालीची उपळसरी. दुसऱ्यात फिकट, जाडसर मुळं. धतुऱ्याची. दुसरा ढीग मोठा होता. खणताना दोन्ही एकत्र आली, का वजन भरायला कुणी मुद्दाम घातली, हे कधीच कळलं नाही.

जमादार गावात गेला आणि अजून दोन घरांतल्या पुड्या उचलून आणल्या. त्यातली एक शांतव्वाच्या घरची. तिला सातवा महिना लागला होता आणि अंगाला खाज सुटली म्हणून येत्या सोमवारपासून तिला काढा सुरू करायचा होता. तिच्या पुडीतही तेच मिसळलेलं निघालं. वैद्यआप्पा म्हणाले, मला बाजारात फसवलं. बाजारवाला म्हणाला, खणणाऱ्यानं फसवलं. खणणारा सापडला नाही. प्रकरण तिथंच मिटलं.

नंतर

डोळे ताळ्यावर यायला पाच-सहा दिवस गेले. घरी आले तेव्हा माझ्या डोळ्यांच्या बाहुल्या अजून मोठ्या होत्या. गौरा मला बघून रांजणामागं लपली आणि दोन दिवस जवळ आली नाही.

निघताना मी डॉक्टरसाहेबांना हात दाखवले होते. काशव्वाच्या मुळीनं फरक पडला, असं सांगितलं. ते म्हणाले की पडलाही असेल, मी नाही म्हणत नाही. पण त्या दिवसांत राख आणि धुण्याचा सोडा तुझ्या हाताला लागत नव्हता ना, हातांना आराम मिळाला, तेही कारण असेल. हे माझ्या मनातच आलं नव्हतं. मला वाळीत टाकलं म्हणून मी बरी झाले असेन, हा विचार मला काढ्याहून कडू लागला. हा महारोग नाही, कुणाला लागत नाही, हे त्यांनी मामंजींना चिठ्ठीवर लिहून दिलं. पांढरं मलम दिलं. इसब पुढं जन्मभर येत-जात राहिला. मी त्याच हातांनी स्वयंपाक केला आणि घरानं तो खाल्ला.

हे कुणाला उपयोगी पडावं म्हणून लिहिते. मुळी घ्यायचीच असेल तर वेलासकट बघून घ्या. कापलेला तुकडा ओळखणारा माणूस मला अजून भेटला नाही, ओळखतो म्हणणारे पुष्कळ भेटले. थोड्यानं बरं वाटलं म्हणून दुप्पट घेऊ नका. पोटुशी बाई असेल तर हातच लावू नका. आणि काही झालंच तर उरलेली पुडी घेऊन दवाखान्यात जा आणि ती पहिल्यांदा डॉक्टरच्या हातात द्या. लाज नंतर.

मालकांशी मी संसार केला. अजून दोन मुलं झाली. त्यांनी माफी मागितली नाही, मीही त्यांना ते सोपं करून दिलं नाही.

वैद्यआप्पांचं काही बिघडलं नाही. दोन-तीन महिन्यांत ते पुन्हा घराघरांत बसायला लागले. आमच्याकडंही आले. आत्याबाईंचे गुडघे धरले होते, ते त्यांच्या कानावर गेलं होतं. ओसरीवर बसून त्यांनी बंडीच्या खिशातून पुडी काढली आणि म्हणाले, "वहिनी, ही घ्या. वातावर रामबाण हाय." मामंजी समोरच बसले होते. मी आत दाराशी उभी होते.

आत्याबाईंनी पुडी घेतली. दीर म्हणून त्यांना बसायला सांगितलं, पान दिलं, पिकापाण्याचं विचारलं. ते गेल्यावर त्या मागच्या दारानं उकिरड्याकडं गेल्या. काठीनं शेण उकरून खड्डा केला, त्यात पुडी टाकली, वर शेण ओढलं आणि पायानं दाबलं. मग मोरीवर आल्या, राखेची मूठ घेऊन कोपरापर्यंत हात घासले, आणि मागं न बघता मला म्हणाल्या, "गिरिजा, पाणी घाल हातावर."